बेचाळीस मीटर केबल आणि एक अर्थ रॉड

घराच्या मागे, परसाच्या टोकाला असलेली आमची शेड म्हणजे लोखंडी सांगाड्यावर पत्रे ठोकून उभी केलेली साधी बांधणी आहे. अवजारे ठेवण्यापुरती ती वापरात होती तोवर तिथे विजेची गरज भासली नाही. सुतारकामाचे टेबल तिकडे हलवले आणि दिवा, करवत, ग्राइंडर यांची निकड निर्माण झाली, तेव्हा घरातल्या सॉकेटमधून खिडकीवाटे नेलेली एक्स्टेंशनची गुंडाळी हाच तात्पुरता मार्ग होता. या गुंडाळीच्या चकतीवर भाराचे दोन आकडे छापलेले असतात, एक पूर्ण उलगडलेल्या तारेसाठी आणि दुसरा गुंडाळलेल्या तारेसाठी, आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी असतो. कारण गुंडाळलेल्या वेटोळ्यांतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही व आवरण आतून मऊ होऊ लागते. असली तार कायमची व्यवस्था म्हणून वापरायची नसते. म्हणून शेडपर्यंत पक्की केबल पुरायची आणि तिथे स्वतंत्र डीबी, म्हणजे स्विचांचा वितरण-डबा, बसवायचा, असे ठरले.

कामाची वाटणी आरंभीच स्पष्ट होती. आखणी, हिशेब, चर खणणे, पाइप टाकणे आणि शेडमधले कंड्युट, म्हणजे तारांचे पाइप, बसवणे हे माझ्याकडे; जोडण्या आणि चाचण्या परवानाधारक वायरमनकडे. घराच्या मुख्य पॅनलमधून नवीन मंडळ (सर्किट) काढणे हे बहुतेक ठिकाणी कायद्याने परवानाधारकाचेच काम असते, आणि नियम तसा नसता तरी मी ते त्यांच्याकडेच सोपवले असते. चाचणीची उपकरणे आणि त्यांच्या आकड्यांचा अर्थ लावण्याची सवय या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलेला प्रश्न मला अनपेक्षित होता. मी केबलची जाडी आणि लांबी यांबद्दल बोलत होतो, ते म्हणाले, "ते पुढे बघू. आधी मला सांगा, शेडमध्ये ग्राइंडरच्या धातूच्या अंगावर फेज आला, तर तो करंट परत कुठून जाणार?" फेज म्हणजे वीज घेऊन येणारी तार. या एका प्रश्नाभोवती पुढचे सगळे काम फिरत राहिले. केबलने वीज शेडपर्यंत पोचवणे हा त्यातला सोपा भाग होता.

तरीही सुरुवात भारापासूनच करावी लागते. शेडमध्ये काय काय चालणार आणि त्यांतले एकाच वेळी काय चालणार, या दोन याद्या मी वेगवेगळ्या केल्या. यादीतल्या सगळ्या यंत्रांची बेरीज करून केबल ठरवली तर ती उगाच जाड होते. शेडमध्ये काम करणारा माणूस एकच असेल तर करवत आणि ग्राइंडर एकत्र चालत नाहीत. मात्र करवत आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम हे दोन्ही नेमके एकत्रच चालतात. करवतीचे १५०० वॉट, व्हॅक्यूमचे १२०० वॉट, दिवे आणि पंखा मिळून आणखी दोनशेच्या आसपास. २३० व्होल्टला ही बेरीज साधारण साडेबारा अँपिअर होते. हिशेब १६ अँपिअरवर करायचा आणि पुढे एखादे मोठे यंत्र आले तर २५ अँपिअरपर्यंत वाव ठेवायचा, असे ठरले. छतावर सौर पॅनल आणि बॅटरी बसवून घराशी संबंधच ठेवू नये, हा पर्यायही मी तपासला होता. नुसता दिवा, पंखा आणि चार्जर यांच्यासाठी तो उत्तम आहे आणि कोणी तेवढ्याचसाठी चर खणायला निघाला असेल तर मी त्याला थांबवीन. पण मोटर सुरू होताना जो झटका मागते, त्यासाठी लागणारा इन्व्हर्टर चालू भाराच्या कितीतरी पट मोठा घ्यावा लागतो. खांबावरून तार ओढून नेणे स्वस्त पडते, परंतु मधल्या झाडांच्या फांद्या आणि शिडी घेऊन होणारी ये-जा यांमुळे तो विचार लगेच बाजूला ठेवला.

आता केबलची जाडी. सरळ रेषेत अंतर एकतीस मीटर भरत होते. पण केबल भिंतीच्या कडेने वळून जाणार, दोन्ही टोकांना जमिनीतून वर चढणार आणि डीबीत थोडी सैल सोडावी लागणार, हे धरून प्रत्यक्ष लांबी बेचाळीस मीटर झाली. जमिनीत पुरलेली अडीच चौरस मिमीची तांब्याची केबल सोळा अँपिअर सहज वाहून नेते, त्यामुळे नुसता तापण्याचा विचार केला असता तर तेवढीच पुरली असती. अडचण व्होल्टेज घसरण्याची होती. तांब्याची केबल पूर्ण भाराने गरम झाल्यावर अडीच चौरस मिमीच्या जोडीत प्रत्येक अँपिअरमागे, प्रत्येक मीटरला सुमारे १८ मिलिव्होल्ट खर्ची पडतात. चार चौरस मिमीत ११ आणि सहा चौरस मिमीत सव्वासातच्या थोडे वर. बेचाळीस मीटर आणि सोळा अँपिअर यांनी गुणले की अडीचच्या केबलीत बारा व्होल्ट, चारच्या केबलीत साडेसातच्या आसपास आणि सहाच्या केबलीत जेमतेम पाच व्होल्ट वाटेतच जिरतात. आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांत दिव्यांसाठी तीन टक्के आणि इतर वापरासाठी पाच टक्के इतकी घसरण साधारणपणे मान्य धरलेली आहे, आणि ती पुरवठ्याच्या प्रवेशबिंदूपासून शेवटच्या दिव्यापर्यंत मोजायची असते, म्हणजे घरातल्या मुख्य तारांची घसरणही त्यातच आली. अडीचची केबल एकटीच पाच टक्के ओलांडत होती. चारची तीन टक्क्यांच्या किंचित वर जात होती.

सहाच्या बाजूने कौल दिला तो मात्र करवतीच्या सुरुवातीच्या झटक्याने. इंडक्शन मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. आठ अँपिअरवर चालणारी करवत त्या क्षणी पंचेचाळीस-पन्नास अँपिअर मागते, आणि अडीचच्या केबलीत तेवढ्यासाठी तीस व्होल्टांहून जास्त घसरण होते. मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज पंधरा टक्क्यांनी उतरले तर पीळ बहात्तर टक्क्यांवर येतो, मोटर वेग घ्यायला अधिक वेळ लावते, तेवढा वेळ तो मोठा प्रवाह चालू राहतो आणि मोटरमधली तारांची गुंडाळी तापते. दिवा मंदावणे हे त्याचे डोळ्याला दिसणारे लक्षण असते, एवढेच. सहाच्या केबलीत हीच घसरण सहा टक्क्यांच्या आसपास राहते. केबलच्या किमतीतला फरक चर खणण्याच्या श्रमापुढे किरकोळ होता. एकदा बुजवलेला चर जाडी वाढवण्यासाठी पुन्हा उकरण्याची कोणाचीच इच्छा नसते. म्हणून सहा चौरस मिमीची, दोन कोअरची, पोलादी तारांचे कवच असलेली आर्मर्ड केबल आणली.

चर खणण्याआधी त्या पट्ट्यात आधीच काय पुरलेले आहे याचा शोध घेणे आवश्यक होते. पाण्याची नळी, सांडपाण्याचा पाइप आणि जुनी टेलिफोनची तार यांच्या जागा मी चुन्याने आखून घेतल्या. शंका असलेल्या दोन ठिकाणी पहार न वापरता हाताने माती काढली. खोलीविषयीचे नियम देशागणिक आणि केबलच्या प्रकारागणिक बदलतात, परंतु बागेत फावडे आणि कुदळ जिथवर पोचू शकतात त्याच्या खाली केबल असावी, हा त्यांमागचा हेतू सगळीकडे एकच आहे. मी पाऊण मीटर खोली धरली. मोठ्या झाडाच्या मुळांजवळून मार्ग थोडा वळवला. तो वळवताना केबलचे वळण तिच्या व्यासाच्या बारा पटींपेक्षा लहान त्रिज्येचे होऊ नये हे पाहिले, कारण त्याहून आवळून वाकवल्यास कवचाच्या तारा उकलतात आणि आतल्या आवरणावर दाब येतो. तळाशी खडे वेचून वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, तिच्यावर विटांची ओळ, मग माती, आणि जमिनीच्या पृष्ठभागापासून वीतभर खाली पिवळी सूचनापट्टी. उद्या खणणाऱ्याच्या कुदळीला आधी पट्टी आणि मग वीट लागली पाहिजे. केबलच्या बाजूला थोडे अंतर सोडून एक रिकामा पाइप टाकला आणि त्यात नायलॉनची दोरी ओवून ठेवली. इंटरनेटची किंवा कॅमेऱ्याची तार पुढेमागे न्यायची झाली तर ती वीजवाहक केबलीच्या पाइपमधून नेता येत नाही, आणि चर उघडा असताना जादा पाइप टाकायला लागणारे कष्ट नगण्य असतात. बुजवण्यापूर्वी चराची छायाचित्रे घेतली, प्रत्येकात मोजपट्टी आणि घराचा एखादा पक्का कोपरा दिसेल अशा बेताने.

वायरमनच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या टप्प्यावर ठरवावे लागले, कारण आर्मरचे काय करायचे हे त्यावर अवलंबून होते. आमच्या घराला येणाऱ्या पुरवठ्यात न्यूट्रल (प्रवाहाची परतीची तार) आणि अर्थ (जमिनीशी जोडलेली संरक्षक तार) हे बाहेरून एकाच वाहकातून येतात आणि घराच्या मुख्य स्विचपाशी वेगळे होतात. जगात अनेक ठिकाणी ही पद्धत आहे आणि घरासाठी ती चांगली काम करते: फेज उपकरणाच्या धातूला टेकला की परतीचा मार्ग संपूर्ण धातूचा असल्याने शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप उघडणारा स्विच, क्षणात पडतो. तिचा धोका एकाच प्रसंगी उघड होतो. बाहेर रस्त्यावर तो सामाईक वाहक तुटला, तर घरातल्या चालू उपकरणांतून आलेला प्रवाह परतायला वाट शोधतो आणि अर्थला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू जमिनीच्या तुलनेत चढ्या व्होल्टेजवर जाते. घरात पाण्याचे नळ, पाइप, सांगाडे हे सर्व एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे सगळेच एकत्र वर जाते आणि हात व पाय यांच्यात व्होल्टेजचा फारसा फरक पडत नाही. शेडमध्ये मात्र माणूस ओल्या मातीवर किंवा दाराच्या उंबऱ्याबाहेर उभा असतो, आणि हातात असतो धातूचा ग्राइंडर, ज्याचा अर्थ घराकडून आलेला आहे. त्याच्या पायाखालची माती शून्यावर आणि हातातली वस्तू कितीतरी व्होल्टवर, अशी स्थिती होऊ शकते. आरसीसीबीलाही, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचलाही, तो प्रसंग कळत नाही, कारण फेज आणि न्यूट्रल यांच्या प्रवाहात तफावत पडलेलीच नसते. आणि कळून तो पडला तरी उपयोग नाही, कारण धोका अर्थच्या तारेतून आलेला असतो आणि ती तार कुठलाच स्विच तोडत नाही.

म्हणून शेडला घराचा अर्थ द्यायचाच नाही, तिला स्वतःचा रॉड ठोकून तिचा स्वतंत्र अर्थ करायचा, असा निर्णय झाला. केबलचे आर्मर घराकडच्या टोकाला अर्थला पक्के जोडायचे, म्हणजे उद्या केबलीतच फावडे घुसले तर घराकडचे संरक्षण लगेच काम करील. शेडकडच्या टोकाला मात्र ते प्लास्टिकच्या पेटीत, शेडच्या कुठल्याही धातूला स्पर्श होणार नाही अशा रीतीने संपवायचे. शेडमधला पत्रा, सांगाडा, सॉकेटचे अर्थ हे सगळे शेडच्या रॉडला. दोन अर्थ एकमेकांना कुठेही भेटता कामा नयेत. शेडमध्ये पाण्याची धातूची नळी घराकडून आली असती तर हा बेत फसला असता, कारण तिच्यातून घराचा अर्थ आपोआप आत आला असता. आमच्याकडे ती नळी प्लास्टिकची होती. आणखी एक गोष्ट वायरमनने दोनदा बजावली: शेडच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ यांच्या पट्ट्या जोडायच्या नाहीत. तसे केले की न्यूट्रलचा प्रवाह रॉडमधून मातीत वाहू लागतो आणि आरसीसीबी एक तर टिकत नाही किंवा त्याच्यावर विसंबता येत नाही.

स्वतंत्र रॉड घेतला की एमसीबीची मदत जवळजवळ संपते, आणि हा मुद्दा मला प्रथम पचायला जड गेला. रॉडचा जमिनीशी असलेला रोध समजा पन्नास ओहम आहे. फेज सांगाड्याला टेकला तर २३० भागिले पन्नास, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहील. सोळा अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी ऐंशी ते एकशे साठ अँपिअर लागतात. साडेचार अँपिअर म्हणजे त्याच्या दृष्टीने एखादी इस्त्री चालू आहे. तो जन्मभर पडणार नाही आणि शेडचा पत्रा तोवर २३० व्होल्टवर राहील. नुसता रॉड ठोकून "अर्थिंग केले" असे समाधान मानणारी किती बांधकामे मी पाहिली आहेत, याचा विचार केल्यावर अस्वस्थ व्हायला होते. अशा ठिकाणी संरक्षणाचा सगळा भार गळती ओळखणाऱ्या उपकरणावर असतो. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांच्यात ३० मिलिअँपिअरची तफावत पडली की ते उघडते. पन्नास व्होल्ट ही स्पर्शाची मर्यादा धरली तर गणिताने १६६७ ओहमचा रॉडही चालेल. प्रत्यक्षात इतका कमकुवत रॉड ऋतूगणिक कुठेही भरकटतो, म्हणून दोनशे ओहमच्या खाली असावा असा व्यवहारातला दंडक आहे.

रॉड तीन मीटर लांबीचा, तांब्याचा मुलामा असलेला पोलादी घेतला. तो शेडच्या सावलीच्या बाजूला, जिथे माती अधिक काळ ओली राहते तिथे ठोकला आणि वरच्या जोडणीभोवती झाकणाचा चौकोनी खड्डा केला, कारण जोडणी तपासता आली पाहिजे. रॉडचा रोध मोजण्याची रीत पाहण्यासारखी होती. रॉडपासून साधारण तीस मीटरवर एक खुंटी रोवून तिच्यातून प्रवाह सोडतात, आणि रॉड व खुंटी यांच्यामध्ये, रॉडपासून सुमारे बासष्ट टक्के अंतरावर दुसरी खुंटी रोवून व्होल्टेज मोजतात. मग मधली खुंटी दोन-तीन मीटर पुढे आणि तितकीच मागे सरकवून वाचन पुन्हा घेतात. तिन्ही वाचने जवळजवळ सारखी आली तरच आकडा खरा. नाही तर दूरची खुंटी आणखी दूर न्यावी लागते. आमची तिन्ही वाचने सेहेचाळीस ओहमच्या अवतीभवती आली. पाऊस नुकताच सरला होता, त्यामुळे हा आकडा अनुकूल बाजूचा आहे हे लिहून ठेवले. अधिक खाली आणायचा असता तर दुसरा रॉड पहिल्यापासून किमान एका रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर ठोकावा लागला असता. दोन रॉड शेजारीशेजारी ठोकले की ते एकाच मातीवर विसंबतात आणि दुसऱ्याचा लाभ फार थोडा होतो.

घराकडच्या टोकाला शेडचे मंडळ घरातल्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून न घेता मुख्य स्विचनंतर थेट, स्वतःच्या २५ अँपिअरच्या एमसीबीतून काढले. त्यासोबत १०० मिलिअँपिअरचा, मुद्दाम थोडा थांबून पडणारा आरसीसीबी बसवला. एकामागे एक असे दोन सारखेच आरसीसीबी लावले तर शेडमधल्या गळतीने कोणता आधी पडेल याचा नेम नसतो, आणि घरातला पडला की ग्राइंडरच्या दोषापायी सगळे घर अंधारात जाते. विलंबाचा प्रकार घराकडे आणि तत्काळ पडणारा शेडमध्ये, अशी मांडणी असेल तर शेडचा दोष शेडमध्येच राहतो.

केबलीच्या टोकांना ग्लँड, म्हणजे आर्मरसकट केबल पेटीला घट्ट धरणारे जोड, बसवण्याच्या कामावर मी धरला होता त्याहून अधिक वेळ गेला. बाहेरचे आवरण नेमक्या लांबीला कापायचे, पोलादी तारा एकाच वर्तुळात करवतीने अर्ध्या कापून मग वाकवून मोडायच्या, त्या पसरून ग्लँडच्या शंकूवर सारख्या बसवायच्या आणि मगच नट आवळायचा. करवत तारांच्या आरपार गेली तर आतल्या आवरणाला चीर पडते, आणि ती चीर ओल आत शिरल्यावर, म्हणजे सगळे बुजवून झाल्यावर, उघड होते. वायरमनने हे काम करताना कोणाशीही बोलणे टाळले. चीर राहून गेली नाही ना हे कळावे म्हणून ते झाल्यावर केबलची मेगर चाचणी, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारी चाचणी, चर उघडा असतानाच घेतली, आणि बुजवल्यानंतर पुन्हा घेतली.

शेडच्या डीबीत आरंभी दोन्ही तारा तोडणारा मुख्य स्विच आणि त्यानंतर प्रत्येक मंडळासाठी स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि गळती संरक्षण एकाच खोक्यात, अशी रचना केली. सगळ्यांना मिळून एक आरसीसीबी लावणे स्वस्त पडले असते. परंतु करवतीच्या सॉकेटला गळती लागून तो पडला, तर दिवेही जातात, आणि पाते त्यानंतर काही सेकंद फिरत राहते. फिरत्या पात्यासमोर अचानक अंधार ही गोष्ट मला कोणत्याही बचतीच्या मोबदल्यात नको होती. त्याच कारणाने दिव्यांचे मंडळ सॉकेटपासून पूर्ण वेगळे ठेवले. संरक्षणाचा प्रकार निवडताना ए प्रकार घेतला. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, बॅटरीचे चार्जर आणि वेग नियंत्रित करणारी यंत्रे यांच्या गळतीत एकदिश स्पंदांचा अंश असतो आणि जुना एसी प्रकार तिथे आंधळा ठरू शकतो. विजांच्या लहरींपासून जपण्यासाठी लहर-रोधकही डीबीतच बसवला.

दिव्यांबाबत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यावर हलक्या दर्जाचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते जाणवत नाही, परंतु काही विशिष्ट वेगांना फिरणारे पाते त्या प्रकाशात स्थिर किंवा संथ भासू शकते. म्हणून टेबलावरचे दिवे न लुकलुकणाऱ्या ड्रायव्हरचे निवडले आणि ते दोन वेगळ्या दिशांनी येतील असे लावले, ज्यामुळे कापण्याच्या रेषेवर हाताची सावलीही पडत नाही. करवतीला वीज गेल्यावर आपोआप बंद राहणारा स्विच होताच. तो नसता तर लावून घेतला असता, कारण वीज परत येताच पाते स्वतःहून सुरू होणे हे शेडमधल्या सर्वांत वाईट शक्यतांपैकी आहे. सॉकेट जमिनीपासून मीटरभर उंच, भुसा साचणार नाही अशा जागी, झाकणाचे आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित असलेल्या प्रतीचे घेतले. भिंतीच्या बाहेरच्या बाजूचा एक सॉकेट आयपी ६५ दर्जाचा आहे. यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याच्या फवाऱ्याचा. आतल्या तारा सगळ्या कंड्युटमधून नेल्या, कारण शेडमध्ये उंदीर येतात हे गृहीत धरायचे असते, आणि पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकात रबरी कडी बसवली. लोखंडी सांगाडा आणि पत्रे अर्थच्या पट्टीला हिरव्या-पिवळ्या आवरणाच्या जाड तांब्याच्या तारेने जोडले. जोडणीच्या जागी रंग खरवडून काढला, कारण रंगावर आवळलेला बोल्ट दिसायला घट्ट आणि विजेच्या दृष्टीने तुटक असतो.

वीज सोडण्याआधीच्या चाचण्या ठरलेल्या क्रमाने होतात आणि तो क्रम बदलत नाहीत. आधी अर्थच्या तारा टोकापासून टोकापर्यंत अखंड आहेत का ते पाहिले. मग दिव्यांचे ड्रायव्हर आणि लहर-रोधक सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने आवरणाचा रोध घेतला. किमान एक मेगओहम हवा असतो. आमचा दोनशेच्या वर होता. नव्या कामात एकाच्या जवळचा आकडा आला तर तो नियमात बसला तरी स्वीकारू नये, कारण कुठेतरी ओल किंवा चिमटा आहे असाच त्याचा अर्थ होतो. त्यानंतर फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल नाही ना हे प्रत्येक सॉकेटवर तपासले आणि मग वीज सोडली. घराकडच्या टोकाला आर्मरमार्गे होणाऱ्या फेरीचा रोध मोजला. तो २५ अँपिअरच्या एमसीबीला लागणाऱ्या मर्यादेच्या आत होता. शेवटी आरसीबीओंची वेळ. १५ मिलिअँपिअरला ते टिकून राहिले, जसे राहायला हवे. ३० मिलिअँपिअरला नियमाने तीनशे मिलिसेकंदांच्या आत पडायचे ते तीसच्याही आत पडले. पाचपट गळतीला चाळीस मिलिसेकंदांची मर्यादा होती, तीही सहज पाळली गेली. डीबीवरचे टेस्ट बटण यांत्रिक भाग मोकळा आहे एवढेच सांगते, रॉडबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून ते ठरावीक काळाने दाबायचे आणि रॉड वेगळा मोजायचा, अशा दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

हे सर्व आकडे, तारखा, चराचा नकाशा आणि घराकडच्या एमसीबीची जागा यांचा तक्ता डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवला आहे. नकाशावर घराच्या कोपऱ्यापासूनची मापे आहेत. छायाचित्रांच्या प्रतीही घराच्या कागदपत्रांत ठेवल्या. मुख्य स्विचच्या बाजूला "या शेडचा अर्थ स्वतंत्र आहे, घराच्या अर्थशी जोडू नये" अशी पाटी लावली, कारण पुढे येणारा वायरमन चांगल्या हेतूने नेमके तेच करण्याचा संभव सर्वांत जास्त असतो.

जमीन पूर्ण सुकल्यावर, उन्हाळ्याच्या अखेरीस, रॉडचे वाचन पुन्हा घेतले. ते एकाहत्तर ओहम आले. दोनशेच्या मर्यादेपासून ते अजून दूर आहे, त्यामुळे दुसरा रॉड ठोकण्याचे काम सध्या काढलेले नाही. तक्त्यावर सेहेचाळीसच्या खाली एकाहत्तर लिहिले आणि पुढचे वाचन त्याच मोसमात घ्यायचे ठरवले.